पावणेसात इंचांचं नऊवार

माझ्या गावात एका फुटाला पाव इंच. इंचाचे आठ सूत धरले तर दोन सूत. पाच फुटांची बाई सव्वा इंचाची, सहा फुटांचं दार दीड इंचाचं, एक वीत म्हणजे दीड सूत. भाचा म्हणतो, याला एकास अठ्ठेचाळीस म्हणायचं. म्हणू दे. मी तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. मुंढ्यात पाव इंच कमी-जास्त झालं की गिऱ्हाईक पिशवी घेऊन परत दारात, त्यामुळे पाव इंच माझ्या बोटांना डोळे मिटूनही कळतो. गावाचं माप ठरवताना दुसरं काही सुचलंच नाही.

गाव आहे ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमच्या पुढच्या खोलीत, जुन्या कटिंगच्या टेबलावर. चार फूट बाय तीन फुटांची प्लाय. म्हणजे १९२ फूट लांब आणि १४४ फूट रुंद. एवढ्यात सात घरं, एक देऊळ, खाडीचा काठ आणि चार वाफ्यांचं मिठागर. नवीन कटिंग मी आता जमिनीवर बसून करते. घरच्यांना हे पटलेलं नाही.

गावाला नाव नाही, कारण ते धड कुठलंच नाही. घरं आईच्या माहेरची, खाडीपलीकडची. देऊळ मनातलं. मिठागर आमच्या बाजूचं. आमच्याकडे मीठबंदर रोड आहे. लोक रिक्षावाल्याला ते नाव सांगतात आणि उतरून चालू लागतात, मीठ कुठे आणि बंदर कुठे असं कोणी विचारत नाही. मला लहानपणचं आठवतं ते एवढंच, की उन्हाळ्यात तिकडे पांढऱ्या ढिगांकडे बघितलं की डोळे दिपायचे.

सुरुवात गणपतीत झाली. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली आणि आमचं दर वर्षीचं मखर बाद झालं. माळ्यावर अस्तराच्या ताग्यांची खोकी होती, त्यातून बाप्पामागे ठेवायला पाच घरं कापली. विसर्जन झालं, आरास उतरवली, आणि ती पाच घरं टाकायला हात होईना. ती शिलाई मशीनच्या फळीवर राहिली. मग एक झाड आलं. मग कुंपण. पुढचं ज्याला असा नाद लागलाय त्याला सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला पटायचं नाही.

पहिली पाचही घरं मी नंतर मोडली. कौलांमुळे. खोक्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आत नागमोडी कागद निघतो, त्यावर गेरू लावला की झाली नळीची कौलं, असं मला वाटलं होतं. दुरून छान दिसायचं. पण मिक्सरच्या खोक्याची नागमोड मोजली तर वळी ते वळी दोन सूत. म्हणजे एकेक कौल फूटभर रुंद! असलं कौल चढवायला हत्ती लागेल. बरेच दिवस मी घरात येणारं प्रत्येक खोकं फाडून बघत होते. शेवटी भाच्याच्या वाढदिवसाला पिझ्झा आला आणि त्याच्या खोक्यात मला हवी ती बारीक नागमोड सापडली, बरोबर एक सूत. अर्धा फूट. पिझ्झा कसा होता ते आठवत नाही.

आईच्या माहेरी दोन घरांवर मंगलोरी कौलं होती, ती अजून जमलेली नाहीत. ही चपटी, खाचेची कौलं मंगळुरात बासेल मिशनच्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात कारखान्यात करायला घेतली आणि ती किनाऱ्याने सगळीकडे पोचली. त्यांच्या खाचा एकमेकांत बसतात. माझ्या मापात ती खाच दोऱ्याहून बारीक येते. तूर्त त्या दोन घरांवरही नळीचीच आहेत. मामाकडच्या कोणी हे बघितलं तर भांडण आहे.

भिंती कुडाच्या. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या विणायच्या आणि वर माती-शेणाचा गिलावा. कारवी आमच्या येऊरच्या डोंगरात हवी तेवढी, सात-आठ वर्षांनी एकदा फुलते तेव्हा लोक बघायला जातात. पण इंचभर जाडीची काडी माझ्या गावात जेमतेम अर्धा मिलिमीटर. खराट्याचा हीर जाड पडला. फूलझाडूच्या तुऱ्यातल्या काड्या चालल्या. नवा झाडू निम्मा झाला तेव्हा घरात चौकशी झाली. माती मलमलमधून तीनदा चाळली, शेण वाळवून चाळलं, त्यात थोडं फेव्हिकॉल. पहिल्या लेपाला भेगा गेल्या. भेगा असतातच, पण त्या खऱ्या भिंतीच्या मापाच्या होत्या. माझ्या भिंतीवर त्यातून म्हैस आत गेली असती.

इथे माझ्या लक्षात यायला लागलं की काही गोष्टी मापाला तयार असतात आणि काही नसतात. लाकूड तयार. कागद तयार. माती चाळली तर तयार. आणि ज्याच्यावर माझा सगळा भरवसा होता ते कापड मुळीच तयार नाही.

मला वाटलं होतं कापडाचं काम डाव्या हाताचं. कपाटात तीस वर्षांची कतरणं, रंगाप्रमाणे लावलेली. अंगणात वाळत घातलेलं एक नऊवार लुगडं हवं होतं. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट, म्हणजे पावणेसात इंच. पन्हा साधारण एक इंच. सगळ्यात तलम मलमल काढली, कापली, किनार रंगवली, दोरीवर टाकली. ती दोरीवर पुठ्ठ्यासारखी उभी राहिली. कापड पडतं ते त्याच्या वजनाने. पावणेसात इंचाला वजन कुठलं? आणि तलम म्हटलं तरी दोरा तो दोराच. माझ्या गावातल्या बाईच्या हिशोबाने ते लुगडं सुतळीने विणलेलं होतं. इस्त्री केली. ओलं केलं. खळ लावली. चुण्या घालून टाचण्यांनी रात्रभर बांधून ठेवलं. सकाळी टाचण्या काढल्या की परत ताठ. मला माझ्याच धंद्यातल्या मालाने असं तोंडावर पाडलं याचं फार लागलं. एक ब्लाउज त्या आठवड्यात उशिरा गेला.

शेवटी ज्या पातळ कागदात नवी साडी गुंडाळून येते, त्या कागदाचं केलं. पाण्यात फेव्हिकॉल घालून त्यात भिजवायचा, दोरीवर टाकायचा आणि वाळेपर्यंत सुईच्या टोकाने एकेक चुणी पाडायची. नऊ कागद फाटले. दहावा पडला, म्हणजे खरंच पडला, लुगड्यासारखा, एका बाजूला जास्त लोंबून. हिरवा रंग, लाल काठ. दीड महिना गेला त्यात, कारण वाळताना जवळ बसावं लागतं आणि लग्नसराईत तेवढं बसता येत नाही.

त्या मानाने कोळ्याची जाळी पटकन झाली. बाहीला लावतो ते नेट घेतलं तर भोक तीन इंचाचं येत होतं. ऑर्गेंझाचा उभा-आडवा एक सोडून एक धागा काढला आणि चहात बुडवला. माणसांचं थोडक्यात सांगते. अंग जुन्या मोटरच्या तांब्याच्या तारेचं, डोकं धण्याचं. धण्याला सुईने आरपार भोक पडतं आणि तो जरा लांबट असतो, डोक्यासारखाच. आधी साबुदाणा घेतला होता. एका रात्रीत मुंग्यांनी निम्म्या गावाची डोकी नेली. चेहरे काढलेले नाहीत. फास्ट गाडी गेली की आमचं टेबल थरथरतं आणि सगळे धणे एकदम माना हलवतात.

मिठागराची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे.

भरतीचं पाणी बांधातून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवत न्यायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लांब दांड्याच्या फळीने ओढून बांधावर ढीग घालायचे. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सगळे क्षार मिळून पस्तीसेक ग्रॅम, तेव्हा एका ढिगामागे किती पाणी आणि किती ऊन गेलं असेल बघा. मी म्हटलं, मीठ दाखवायचं तर मीठच घालावं, यात कसली कला. जाडं मीठ घेतलं तर एकेक खडा अर्ध्या फुटाचा. म्हणून मिक्सरमधून दोनदा काढलं. फेब्रुवारीत ढीग घातले. सहा ढीग, पाऊण इंच उंचीचे. दिव्याखाली असे काही चमकायचे की शेजारणी पाहुण्यांना दाखवायला घेऊन येऊ लागल्या.

जूनमध्ये ढिगांना घाम फुटला. आधी वाटलं कुणाचा ओला हात लागला. मग मृगाच्या दोन सरी पडल्या आणि एका सकाळी सहाच्या सहा ढीग बसलेले, वाफ्यांत चिकट पाणी, आणि ते बांध ओलांडून भातखाचरात चाललेलं. हवेतला दमटपणा पाऊणशे टक्क्यांच्या वर गेला की शुद्ध मीठसुद्धा हवेतून पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते त्याच्याही आधी. ठाण्यात पावसाळ्यात हवा त्याच्या खाली येते कधी? खरे मिठागरवाले पावसाच्या आधी ढीग गवताने शाकारायचे, ते मला माहीत होतं. आपल्या पुढच्या खोलीतही पावसाळा येतो, हे लक्षात नव्हतं.

खाचर गेलं. काठची दोन घरं खालून भिजली. मी रागाने चार महिने त्यांना हात लावला नाही. ऑक्टोबरच्या उन्हात सगळं वाळलं तेव्हा बघते तर काय, कोपऱ्यातल्या घराच्या कुडावर खालून वर पांढरी बुरशीसारखी साय चढलेली, गेरूच्या पट्ट्यावर फुटलेली. लोणा. खाडीकाठच्या घरांच्या भिंतींना लागतो तो अस्सल लोणा, आणि मापाला चोख! पुरुषभर उंचीपर्यंत गेला होता, म्हणजे सव्वा-दीड इंच. मी जन्मात इतकं बारीक रंगवू शकले नसते. ते घर तसंच ठेवलंय.

मिठाच्या जागी आता रांगोळी आहे. पांढरी, शिरगोळ्याची, मलमलमधून गाळलेली. पावसात तिला काही होत नाही. चमक थोडी कमी आहे, शेजारणी आता येत नाहीत.

आणि राहिलं पाणी.

भाच्याने मला परदेशातली गावं दाखवली होती. इंग्लंडात बेकन्स्कॉट म्हणून आहे, १९२९ पासूनचं, तिथे एका फुटाला एक इंच. हॉलंडमध्ये मादुरोदाम, १९५२ चं, एकास पंचवीस. हॅम्बुर्गमध्ये तर रेल्वे, विमानतळ, सगळंच, एकास सत्त्याऐंशी. बघायला झकास. फुटाला इंच घेतला तर आमच्या टेबलावर दोन घरं आणि एक अंगण बसेल, तेव्हा त्यांची गोष्ट निराळी. पण त्यांच्या बागेतल्या तळ्यात खरं पाणी आहे ना, तिथे माझी नजर गेली. घर कितीही सुबक असो, शेजारचं पाणी बघितलं की कळतं, हे छोटं आहे. थेंब थेंबाएवढाच राहतो, लाट लाटेसारखी वळत नाही. कोल्हापूरजवळ कणेरी मठात सगळं गाव पूर्ण मापाचं केलंय, बैल, लोहार, बलुतेदार, सगळे माणसाएवढे. महिला मंडळाच्या सहलीत आम्ही गेलो होतो. तिथे ही भानगड नाही. जे आहे ते आहे तेवढंच.

मी रेझिन ओतून बघितलं. दोन बाटल्या, स्वस्त नाहीत. ते वाळताना तापलं, प्लायच्या सांध्यातून गळून खाली शिवायला ठेवलेल्या परकराच्या कापडावर पडलं, आणि वर जे राहिलं ते स्विमिंग पूल होतं. आमची खाडी कधी निळी, कधी आरपार होती? हिरवट, करडी, चहात राख कालवल्यासारखी. सगळं खरवडून काढलं.

मग मी पाणीच काढून टाकलं. ओहोटी केली. खाडी पार आत गेलेली, काठाला नुसता चिखल. चाळलेली माती आणि काळा रंग, वर ओलेपणा दाखवायला वॉर्निशचा एक हात. मधून एक बारीक ओहळ. तिवरांच्या खाली चिखलातून वर आलेली श्वासमुळं लावली, मशीन साफ करायच्या ब्रशचे केस कापून, सुताएवढे. भाच्याला तिथे फ्लेमिंगो हवे होते. आता खाडीत थव्याने येतात, अभयारण्य झालंय, २०२२ साली रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेली खाडी. पण माझं गाव माझ्या लहानपणचं, सत्तरच्या दशकातलं. तेव्हा इथे गुलाबी थवे कोणी बघितले नव्हते, ते नव्वदनंतर मोठ्या संख्येने यायला लागले. तो रुसला. त्याने केलेला एक फ्लेमिंगो मशीनच्या दिव्यावर उभा आहे.

ओहोटीवर मी फार खूश होते. एवढं अवघड काम न करताच सुटलं होतं.

आत्या आली. वय एक्क्याऐंशी, दोन गल्ल्या सोडून राहते, आयुष्यभर मासळीची पाटी डोक्यावर. गुडघ्यांमुळे वर्षभर आली नव्हती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. काठीवर वाकून बघत राहिली. लोणा लागलेल्या भिंतीला बोट लावून ते तिने जिभेला लावलं आणि मान डोलावली. कौलांबद्दल काही बोलली नाही. मग चिखलाकडे काठी केली.

"यवरं पानी कवा गेलं?"

म्हटलं, सकाळी. दहाच्या सुमारास असेल. दिवा मी पूर्वेकडून लावला होता, सकाळचं ऊन म्हणून.

"तिथ कंची?"

तिथीचा विचार मी केला नव्हता. तिने केला. तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आमच्यात सगळ्यांना पाठ असतं. मलाही होतं, पण ब्लाउज शिवून शिवून ते डोक्यातून गेलेलं. दहाला ओहोटी तर पावणेचारला भरती, म्हणजे पंचमी. पंचमीला पाणी अष्टमीच्या भांगाकडे, म्हणजे सगळ्यात कमी भरती-ओहोटीकडे निघालेलं असतं, ते एवढं लांब जातच नाही. तुझा चिखल आहे उधाणाचा, ती म्हणाली. पुनवेचा नाहीतर अवसेचा. पुनवेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, मग साडेपाच-सहाला ओहोटी. पहाटेची घे नाहीतर संध्याकाळची. दहाची मिळायची नाही.

मी म्हटलं, आत्या, एवढं कोण बघतंय?

"मी बगतंय न."

पहाटेची घेतली तर सगळं गाव अंधारात जातं, म्हणून संध्याकाळची घेतली. आत्याच्या मनात शिमग्याची पुनव होती. पण मग देवळापुढे होळी उभी करा, तिला सजवा, बायका-माणसं जमवा, एवढे धणे कुठून आणू? माघी पुनवेवर तडजोड झाली. मिठाचे ढीगही तेव्हा उघडेच असतात.

आता गाव संध्याकाळचं करायचं म्हणजे काय, तर खाडी पूर्वेला, सूर्य घरांच्या मागे. दिवा पश्चिमेला न्यायचा. तिथे भिंत आणि मशीन. मशीनला चिकटवायचा क्लिपचा दिवा आणून खाली लावला, ऊन कलल्यासारखा. तीन इंचाच्या घराची सावली पंधरा इंच लांब पडली, थेट चिखलात. माझा सगळा उजेड गेला. रांगोळीच्या ढिगांना एका बाजूने पिवळी कड आली. ती मात्र बरी दिसते, खोटं का बोलू.

माणसंही हलवावी लागली. उधाणाच्या ओहोटीला बायका घरात बसत नाहीत. अंगणात धान्य पाखडणाऱ्या दोघी, देवळापाशी उभी एक, विहिरीवरच्या दोघी, अशा पाचही जणींना मी उपटून चिखलात नेलं. खुबे वेचायला. गुडघ्यापर्यंत चिखल म्हणजे तीन सूत, तेवढे पाय कापले. आत्याने प्रत्येकीची जागा काठीने दाखवली. एकीला तिने तिवरांपासून लांब घ्यायला लावलं, तिथे पाय रुततो म्हणून. तिथे म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. ती माझ्या प्लायकडे बघत नव्हती.

मग अंगणाकडे वळली.

"आनि ह्यो लुगरं?"

मी काही बोलले नाही.

"दिवेलागनीला लुगरं दोरीवर कोन ठेवतं गं पोरी?"

दीड महिना, दहा कागद. मी चहा ठेवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा ती खुर्चीवर बसली होती आणि त्या लुगड्याकडे बघत होती. काठ छान आहे म्हणाली. पण काढ म्हणाली.

ती गेल्यावर काढलं. चिमट्याने, श्वास रोखून. घडी करून ओसरीवर ठेवावं म्हटलं, संध्याकाळी घडी घालतातच. पण पावणेसात इंचाची आठ पदरी घडी घातली तर ती सुताला टेकली, अर्धा फूट जाड, गादीसारखी. कागदाची जाडी काही मापाने कमी होत नाही. परत उलगडलं, टिकल्यांच्या रिकाम्या डबीत सरळ ठेवलं. ओसरीवर काडेपेटीच्या कागदाचा हिरवा तुकडा आहे, त्याला लाल रेघ. घडी म्हणून चालतो.

दोरीचं मात्र अडलंय. लुगडं होतं तोवर ती मधे छान झोळली होती. काढल्याबरोबर ताठ झाली, कारण नुसत्या दोऱ्याला वजन नाही. रिकाम्या दोरीला झोल द्यायचा म्हणजे दोरा ओला करून, फेव्हिकॉल लावून, मधोमध टाचणी टांगून रात्रभर ठेवायला हवा. आज केलं असतं, पण समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंचा ब्लाउज उद्या सकाळी हवाय आणि अजून हूक लावायचे आहेत.